टोरंटबरोबर शिरलेले नको ते सॉफ्टवेअर: ओळखावे कसे, रोखावे कसे, काढावे कसे

नागपूरच्या महाल भागातील लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात संगणकाच्या कामासाठी माझे अधूनमधून जाणे असते. दुकान चालवणाऱ्या ताईंनी मे महिन्यात तक्रार सांगितली, ती वरवर साधी होती: संगणकाचा पंखा सकाळपासून रात्रीपर्यंत घोंघावतो, पत्रिका आखण्याच्या कोरलड्रॉ या प्रोग्रॅममध्ये एक पान उघडायला मिनिटभर लागते आणि विजेचे बिलही वाढले आहे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, कूलरसमोर बसलेला माणूसदेखील घामाने निथळतो, तेव्हा यंत्र तापले तर नवल काय, असे समजून त्यांनी दोनदा पंखा साफ करून घेतला होता आणि प्रोसेसरवरची पेस्टही बदलून घेतली होती. दुसऱ्या दिवशी मी सकाळी साडेसहाला, ऊन चढण्यापूर्वी, दुकान उघडायला सांगितले. संगणक सुरू केला आणि एकही प्रोग्रॅम न उघडता नुसते बसून राहिलो. पाचच मिनिटांत पंखा घोंघावू लागला. कोणता प्रोग्रॅम किती ताकद वापरतो ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला आणि पंखा हळूहळू शांत झाला. तो बंद केला, तर अर्ध्या मिनिटात पुन्हा घरघर सुरू. हवेतील उष्म्याने तापणारा संगणक टास्क मॅनेजर उघडल्याने शांत होत नाही. आपल्यावर कोणी नजर ठेवत आहे असे दिसताच काम थांबवणारा प्रोग्रॅम मात्र नेमका असाच वागतो.

शोध घेतल्यावर उलगडा झाला. लग्नसराईच्या आधी दुकानातील मुलाने ‘सर्व मराठी फॉन्ट एकत्र’ अशा नावाचे एक टोरंट, म्हणजे अनेक अनोळखी संगणकांकडून तुकड्यातुकड्यांनी मिळणारा फायलींचा संच, उतरवले होते. त्यात फॉन्ट होते, ते बसलेही, पण ते बसवण्यासाठी दिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने स्वतःबरोबर आणखी एक पाहुणा आणून ठेवला होता. हा पाहुणा ताईंच्या संगणकाची ताकद वापरून दुसऱ्या कोणासाठी आभासी चलन कमावत होता. प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालल्यामुळे 65 वॅट जास्त लागत असतील आणि संगणक रोज 10 तास सुरू असेल, तर महिन्याला जवळपास 20 युनिट वीज वाया जाते. त्या विजेचे पैसे ताई भरत होत्या.

हे मार्गदर्शन अशाच घरांसाठी, दुकानांसाठी आणि वसतिगृहांतील विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहे. माझे सांगणे मुख्यतः एकच आहे: टोरंट पूर्ण उतरल्याची खूण म्हणजे ते स्वच्छ असल्याची खूण नव्हे, आणि हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक माणसे फसतात.

टोरंटची पडताळणी नेमके काय सांगते

ब्रॅम कोहेन यांनी 2001 साली बिटटोरंट ही पद्धत आणली. तिच्यात मोठी फाइल लहान लहान तुकड्यांत विभागली जाते आणि प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा, म्हणजे हॅश, टोरंटच्या फाइलमध्ये आधीच लिहून ठेवलेला असतो. आपला संगणक अनेक अनोळखी संगणकांकडून तुकडे गोळा करतो, प्रत्येक तुकड्याचा ठसा मोजतो आणि लिहून ठेवलेल्या ठशाशी तो जुळला तरच तुकडा स्वीकारतो. त्यामुळे वाटेत कोणी एखादा तुकडा बदलला, तर तो फेकला जातो. ही व्यवस्था खरोखर भक्कम आहे.

परंतु हे ठसे लिहिले कोणी? ज्याने टोरंट तयार केले त्यानेच. त्याने मुळातच फाइलमध्ये काही घुसडले असेल, तर ती घुसडलेली वस्तूही ठशांसह, एकही अक्षर न बिघडता, प्रामाणिकपणे आपल्यापर्यंत पोहोचते. किराणा दुकानदाराने भेसळीच्या तिखटाचे पाकीट सील केले आणि ते सील घरी येईपर्यंत शाबूत राहिले, म्हणून आतले तिखट शुद्ध ठरत नाही; वाटेत पाकीट कोणी फोडले नाही, एवढेच त्यावरून कळते. शंभर टक्के पूर्ण झाल्याचा हिरवा पट्टा पाहून अनेकजण निर्धास्त होतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. सीडरांची, म्हणजे पूर्ण फाइल उतरवून ती इतरांना वाटणाऱ्यांची, मोठी संख्यादेखील शुद्धतेचा पुरावा नाही. ज्यांच्या संगणकात उपद्रव शिरला आहे पण अजून कळलेला नाही, अशी माणसेही त्या संख्येत असतात, आणि ती संख्या कृत्रिमरीत्या फुगवताही येते.

‘नको असलेले’ म्हणजे काय, हेही स्पष्ट करतो. फायली नष्ट करणारा किंवा खंडणी मागणारा प्रोग्रॅम हा उघड शत्रू असतो. त्याच्या अलीकडे एक मधला प्रदेश आहे: ब्राउझरचे शोधपान बदलणारे टूलबार, कोपऱ्यात जाहिराती फेकणारे ॲडवेअर, ‘तुमच्या संगणकात 1,200 दोष सापडले’ असे घाबरवून पैसे मागणारे खोटे क्लीनर, आपली इंटरनेट जोडणी परक्यांना भाड्याने देणारे प्रोग्रॅम आणि वर सांगितलेले चलन कमावणारे मायनर. यांतील पुष्कळ प्रोग्रॅम कायदेशीर भाषेत आपली ‘संमती’ घेऊनच बसतात. ती संमती आपण घाईघाईने ‘नेक्स्ट’ दाबताना दिलेली असते. मायक्रोसॉफ्ट त्यांना ‘संभाव्य नको असलेली ॲप्स’ असे सावध नाव देते. धोक्याचा खरा भाग असा, की या मधल्या प्रदेशातून पलीकडे जायला फारसा वेळ लागत नाही. जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम उद्या दुसरे काहीही उतरवून बसवू शकतो, कारण दार त्याच्यासाठी उघडेच असते.

पहिले दार: टोरंटचा प्रोग्रॅम स्वतः

अनेकांना वाटते, की धोका केवळ उतरवलेल्या फाइलमध्ये असतो. इतिहास वेगळे सांगतो. 2001 साली आलेला काझा हा फाइल वाटपाचा प्रोग्रॅम त्या काळी अतिशय लोकप्रिय होता, आणि तो बसवताना जाहिराती दाखवणारे सायडोरसारखे सोबती त्याच्याबरोबर संगणकात येत असत. 2015 साली यूटोरंटबरोबर एपिकस्केल नावाचा मायनर येत असल्याची ओरड झाली. तो संमतीशिवाय बसत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते, तर आपण अशी संमती दिलेलीच नाही, असे अनेक वापरकर्त्यांनी सांगितले. पुढे तो काढण्यात आला. मार्च 2016 मध्ये ट्रान्समिशन या मॅकवरील चांगल्या नावाच्या प्रोग्रॅमच्या अधिकृत संकेतस्थळावरच कोणी घुसखोरी केली आणि 2.90 या आवृत्तीच्या जागी केरेंजर हा खंडणीखोर प्रोग्रॅम मिसळलेली प्रत ठेवली. तो तीन दिवस गप्प बसायचा, मग फायली कुलूपबंद करून एक बिटकॉइन मागायचा. मार्च 2018 मध्ये मीडियागेट या टोरंट प्रोग्रॅमच्या बिघडवलेल्या अपडेटमधून मायनर पसरला. मायक्रोसॉफ्टने तेव्हा सांगितल्याप्रमाणे 12 तासांत चार लाखांहून अधिक प्रयत्न अडवले गेले, आणि त्यांतील बहुतेक रशिया, तुर्कस्तान आणि युक्रेनमधील होते.

यावरून माझा सल्ला असा. प्रोग्रॅम निवडताना क्यूबिटटोरंट किंवा ट्रान्समिशन यांसारखा, ज्याचा कोड सर्वांना वाचता येतो आणि ज्यात जाहिराती नाहीत, असा निवडावा. तो सर्च इंजिनमध्ये सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातीच्या दुव्यावरून कधीही घेऊ नये, कारण नावात एखादे अक्षर बदललेली बनावट पाने त्या जागेसाठी पैसे मोजतात. मूळ प्रकल्पाच्या पानावर स्वतः जावे. ‘मोफत सॉफ्टवेअर’ देणाऱ्या तिसऱ्याच संकेतस्थळांवरून घेणेही टाळावे. 2015 साली सोर्सफोर्जसारख्या जुन्या, प्रतिष्ठित ठिकाणीही गिम्प या चित्रसंपादकाच्या विंडोज आवृत्तीभोवती जाहिरातींच्या प्रोग्रॅमचे वेष्टन गुंडाळले गेले होते. पुढच्या वर्षी मालकी बदलल्यावर नव्या मालकांनी ती पद्धत बंद केली.

बसवताना ‘एक्स्प्रेस’ किंवा ‘रेकमेंडेड’ हा पर्याय घेऊ नये; ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ घ्यावा. मग प्रत्येक पडद्यावर हात थांबवून वाचावे. एखाद्या पडद्यावर ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘डिक्लाइन’ अशी दोन बटणे असतील आणि वरचा मजकूर आपण बसवत असलेल्या प्रोग्रॅमचा नसून एखाद्या अँटिव्हायरसचा, ब्राउझरचा किंवा ‘पीसी ऑप्टिमायझर’चा असेल, तर ‘डिक्लाइन’ दाबले तरी मुख्य प्रोग्रॅम बसतोच. पुष्कळांना वाटते की नकार दिला तर सगळेच रद्द होईल, आणि त्या भीतीवरच हा व्यवसाय चालतो. कधी नकाराचे बटण मुद्दाम फिकट करड्या रंगात ठेवलेले असते. ते दाबता येत नाही असा भास होतो, पण ते दाबता येते.

दुसरे दार: उतरवलेली फाइल

येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक फसवणूक इथे होते आणि ती डोळ्यांनी ओळखता येण्याजोगी असते.

सर्वप्रथम विंडोजमध्ये फाइलचे शेपूट, म्हणजे तिचा प्रकार सांगणारी नावाच्या शेवटची अक्षरे, दिसू द्यावे; ‘ईएक्सई’ हे शेपूट चालवता येणाऱ्या प्रोग्रॅमचे असते. विंडोज ते मुळात लपवून ठेवते, आणि त्यामुळे ‘लग्नाचे गाणे.एमपी4.ईएक्सई’ ही फाइल आपल्याला नुसती ‘लग्नाचे गाणे.एमपी4’ अशी दिसते. विंडोज 11 मध्ये फाइल एक्स्प्लोरर उघडून ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’ आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ ही खूण लावावी. हे काम एका मिनिटाचे आहे आणि या संपूर्ण लेखातील एकच गोष्ट करायची असेल, तर हीच करावी.

एवढ्यावरही एक चलाखी उरते. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी युनिकोडमध्ये एक अदृश्य चिन्ह आहे. ते नावात मधोमध टाकले की पुढची अक्षरे उलट्या क्रमाने दिसू लागतात आणि प्रत्यक्षात ईएक्सई असलेल्या फाइलचे नाव पीडीएफने किंवा एमपी4ने संपल्यासारखे भासते. म्हणून नावावर विसंबू नये; एक्स्प्लोररमध्ये ‘डिटेल्स’ ही मांडणी निवडून ‘टाइप’ हा स्तंभ पाहावा. गाणे, चित्रपट किंवा पुस्तक म्हणवणाऱ्या फाइलपुढे ‘ॲप्लिकेशन’, ‘शॉर्टकट’, ‘स्क्रीन सेव्हर’ किंवा ‘विंडोज बॅच फाइल’ असे लिहिलेले असेल, तर ती न उघडता काढून टाकावी. शॉर्टकट निरुपद्रवी वाटतो, पण त्याच्या पोटात पॉवरशेलला, म्हणजे लिखित आदेश चालवणाऱ्या विंडोजच्या साधनाला, दिलेला लांबलचक आदेश लपवता येतो, आणि चित्रपटांच्या टोरंटांतून असे शॉर्टकट वाटले गेलेले आहेत.

टोरंट जोडताना प्रोग्रॅम आतील फायलींची यादी दाखवतो. ती यादी वाचण्याची सवय लावावी. दोन तासांचा स्पष्ट चित्रपट काही शे केबींत मावत नाही, आणि पाचशे पानांच्या पुस्तकाला सोबत ‘सेटअप’ लागत नाही. नको असलेल्या फायलींपुढची खूण काढून टाकली, तर त्या संगणकात येतच नाहीत. फॉन्टचे म्हणाल, तर फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. तिच्यावर उजवी टिचकी मारून ‘इन्स्टॉल’ म्हटले की काम होते. फॉन्ट बसवण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम चालवायला सांगणारा संच घेऊच नये. ताईंच्या दुकानातील मुलाला एवढे माहीत असते, तर चार महिने पंखा घोंघावला नसता.

पासवर्ड लावलेली झिप किंवा आरएआर फाइल आणि शेजारी पासवर्ड लिहिलेली टेक्स्ट फाइल, असा जोड दिसला की सावध व्हावे. पासवर्ड उघड लिहायचाच होता, तर मग लावला कशासाठी? कुलूपबंद फाइलच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही, म्हणून. अशाच हेतूने काही फायली निरर्थक शून्ये भरून मुद्दाम फुगवलेल्या असतात. व्हायरसटोटल या तपासणीच्या सेवेवर 650 एमबीपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही, हे त्यांना ठाऊक असते.

व्हिडिओ सुरू केल्यावर ‘हा पाहण्यासाठी अमुक कोडेक (व्हिडिओ उलगडणारा जोडप्रोग्रॅम) उतरवा’ असा संदेश आला, तर तो व्हिडिओ बंद करावा. व्हीएलसी प्लेअर जवळपास सर्व प्रचलित प्रकार चालवतो, आणि जो व्हिडिओ त्यातही चालत नाही, तो पाहण्यासाठी अनोळखी प्रोग्रॅम बसवण्याचे कारण नाही.

आणि सर्वांत ठळक खूण: ‘चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना. पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवण्यासाठी त्याचे कुलूप तोडणारे क्रॅक, परवान्याचे खोटे क्रमांक बनवणारे कीजेन आणि विंडोज किंवा ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करणारी साधने यांच्याबरोबर ही सूचना हमखास असते. तिच्यासोबत एक तयार स्पष्टीकरणही येते, की क्रॅकला अँटिव्हायरस विनाकारण नावे ठेवतो, तिकडे लक्ष देऊ नये. हे स्पष्टीकरण अर्धे खरे असल्यामुळेच फार घातक आहे. क्रॅक ओळखून अँटिव्हायरस ओरडतो हे खरे, पण त्या ओरड्याआड दुसरे काही आहे की नाही, हे सांगण्याचे साधन आपण स्वतःच्या हाताने बंद केलेले असते. केएमएसपिको या नावाच्या ॲक्टिव्हेटरच्या बनावट सेटअपमधून ब्राउझरमधील पासवर्ड आणि चलनाची पाकिटे चोरणारा क्रिप्टबॉट पसरवला गेल्याचे 2021 मध्ये उघड झाले होते. इतवारी बाजारातील ज्या संगणकावर जीएसटीची विवरणे आणि बँकेचे व्यवहार होतात, त्यावर असे साधन चालवणे म्हणजे गल्ल्याची किल्ली रस्त्यावरच्या माणसाच्या हाती देणे होय.

संशय असला तरी फाइल हवीच असेल, तर ती उघडण्यापूर्वी तिचा एसएचए-256 ठसा काढावा. पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ हा आदेश देऊन पुढे फाइलचे नाव दिले की ठसा मिळतो. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांच्या मूळ पानावर ठसा दिलेला असेल तर तो अक्षरशः जुळवावा. लिनक्सच्या आवृत्त्या आणि लिबरऑफिस अधिकृतपणे टोरंटनेही मिळतात आणि त्यांचे ठसे प्रसिद्ध केलेले असतात; टोरंट वापरण्याचा हा निर्धोक आणि उपयुक्त मार्ग आहे. तोच ठसा व्हायरसटोटलवर शोधता येतो, फाइल चढवावी लागत नाही. विंडोजची प्रो आवृत्ती असेल, तर ‘विंडोज सँडबॉक्स’ सुरू करून फाइल त्यात चालवून पाहता येते आणि सँडबॉक्स बंद केला की आतले सर्व पुसले जाते. होम आवृत्तीत ही सोय नाही. तथापि सँडबॉक्समध्ये काही घडले नाही म्हणून फाइल निर्दोष मानू नये. काही प्रोग्रॅम अशी जागा ओळखतात आणि तेवढ्यापुरते शहाण्यासारखे वागतात.

विंडोजमध्ये एक पहारा आधीच आहे, तो सुरू आहे ना, हे पाहून घ्यावे. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’, त्यात ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’ आहे. त्यातील दोन्ही चौकटींवर खूण असावी.

कायद्याबद्दल थोडक्यात. प्रताधिकार कायदा, 1957 च्या कलम 63-ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व 50 हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हिंगणा रस्त्यावरील वसतिगृहांत राहणारी अभियांत्रिकीची मुले ऑटोकॅडचे क्रॅक शोधताना मी पाहिली आहेत, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते, कारण ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना हेच सॉफ्टवेअर शिक्षणासाठी विनामूल्य देते. कॉलेजचे ओळखपत्र दाखवून नोंदणी तेवढी करावी लागते. पत्रिका छापणाऱ्यांसाठी इंकस्केप आणि स्क्रायबस हे आखणीचे विनामूल्य प्रोग्रॅम आहेत, आणि मुक्ता, बालू यांसारखे सुबक युनिकोड देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याने मिळतात. जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली कामे अडतात, ही छपाईवाल्यांची अडचण मला मान्य आहे. पण नवे काम तरी युनिकोडमध्ये सुरू करता येते.

शिरले असेल तर लक्षणे

मायनरचे लक्षण सुरुवातीला सांगितले. नागपूरच्या उन्हाळ्यात ते ओळखणे अवघड जाते, म्हणून तपासणी पहाटे किंवा डिसेंबर-जानेवारीतील थंड सकाळी करावी. बाहेर गारठा असताना रिकामा संगणक तापत असेल, तर हवामानाला दोष देता येत नाही. टास्क मॅनेजर उघडताच लपणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे प्रोसेस एक्स्प्लोरर हे साधन उतरवून त्याच्या फाइलचे नाव बदलून चालवावे, कारण असे प्रोग्रॅम पहारेकऱ्याला बहुधा नावाने ओळखतात.

इतर लक्षणे अशी: ब्राउझर उघडताच अनोळखी शोधपान येणे, क्रोमच्या मेनूत तळाशी ‘युअर ब्राउझर इज मॅनेज्ड’ असे दिसणे (संगणक घरचा असताना त्याचे व्यवस्थापन कोणी संस्था का करावी?), पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात अश्लील किंवा घाबरवणाऱ्या सूचना येणे, आणि काहीही उतरवत नसताना डेटा संपत जाणे. यांतील कोपऱ्यातील सूचना पुष्कळदा प्रोग्रॅमच्या नसून एखाद्या संकेतस्थळाला आपण कधीतरी ‘अलाऊ’ म्हटल्याचा परिणाम असतो. ब्राउझरच्या ‘नोटिफिकेशन्स’मधून ती परवानगी काढली की त्रास थांबतो. सगळ्यात आधी हे करून पाहावे.

काढण्याचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. इंटरनेटची तार काढावी किंवा वायफाय बंद करावे, म्हणजे काढलेला प्रोग्रॅम स्वतःला पुन्हा उतरवून घेणार नाही. मग आपली कागदपत्रे, फोटो आणि हिशेब बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत. ईएक्सई किंवा झिप घेऊ नयेत.

त्यानंतर ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ येथे जाऊन यादी तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास बसलेली अनोळखी नावे एकत्र दिसतात, आणि ती सर्व काढावीत. काढताना ‘खरंच जायचे का? एक खास सवलत घ्या’ असे पडदे येतात आणि त्यांतील ठळक बटण बहुधा प्रोग्रॅम ठेवण्याचे असते, म्हणून इथेही वाचूनच दाबावे.

मग पाच ठिकाणे हाताने तपासावीत, कारण काढलेला प्रोग्रॅम येथूनच परत येतो. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप ॲप्स’. ‘टास्क शेड्यूलर’, जिथे दर तासाला किंवा संगणक सुरू होताच काहीतरी चालवण्याचा आदेश लपलेला असतो. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स. ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मधील ‘प्रॉक्सी’, म्हणजे आपली जोडणी दुसऱ्या संगणकामार्गे वळवण्याची सोय, जिथे घरगुती वापरात हाताने भरलेला पत्ता नसावा. आणि पाचवे, ज्याकडे संगणक दुरुस्त करणारेही पुष्कळदा पाहत नाहीत: ‘विंडोज सिक्युरिटी’तील ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये तळाशी असलेली ‘एक्सक्लूजन्स’ची यादी. त्या यादीतील फोल्डरांकडे डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, मुळीच पाहत नाही. ताईंच्या संगणकात संपूर्ण सी ड्राइव्ह त्या यादीत घातलेला होता. म्हणजे चार महिने डिफेंडर सुरू होता, हिरवी खूण दाखवत होता आणि त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली होती. त्यांनी माझ्यासमोर ती ओळ काढली आणि तपासणी सुरू केली, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच तीन नोंदी सापडल्या.

यादी रिकामी केल्यावर इंटरनेट जोडून डिफेंडरच्या व्याख्या (उपद्रवी प्रोग्रॅम ओळखण्याच्या खुणा) अद्ययावत कराव्यात आणि ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावे. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्यापूर्वीच साधारण पंधरा मिनिटांत तपासणी होते, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला जागा मिळत नाही. जाहिरातींच्या प्रोग्रॅमसाठी मालवेअरबाइट्सचे ॲडब्ल्यूक्लीनर हे विनामूल्य साधन चांगले आहे. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने फेब्रुवारी 2017 मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तेथे पुण्याच्या क्विक हीलसह इतरांची मोफत सफाईची साधने मिळतात.

क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर चालवला गेला असेल, तर सफाईवर विसंबू नये. पासवर्ड गेले असे धरून चालावे आणि ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. त्याच संगणकावर बदलले तर नवे पासवर्डही तिकडेच जातात. प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करणेही तितकेच आवश्यक आहे, कारण असे चोर ब्राउझरमधील कुकी, म्हणजे आपण साइन इन केल्याची साठवलेली खूण, उचलतात आणि त्या कुकीच्या आधारे पासवर्ड न देता खात्यात शिरता येते. बँकेतून पैसे गेले असतील, तर विचार करत बसू नये, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. पैसे पुढे वळते होण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. त्यानंतर विंडोज कोरे बसवणे हाच खात्रीचा उपाय आहे. त्यासाठीचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने तयार करावा. बाजारात शंभर रुपयांत मिळणाऱ्या तयार डिस्कवरून बसवू नये, कारण तिच्यात काय मिसळले आहे, हे पुन्हा कोणालाच ठाऊक नसते.

अजूनही विंडोज 10 वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की तिचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. कोरे बसवायचेच असेल आणि यंत्र चालवू शकत असेल, तर 11 बसवावे.

शेवटचे काम बहुतेकांकडून राहून जाते. छपाईच्या धंद्यात फाइल पेन ड्राइव्हवरून फिरते: ग्राहकाकडून दुकानात, दुकानातून छापखान्यात, तिथून परत. ताईंचा संगणक स्वच्छ झाल्यावर आम्ही दुकानातील सातही पेन ड्राइव्ह एकामागून एक लावले, ते आपोआप उघडू न देता आधी डिफेंडरने तपासले, आणि त्यांतील दोन ड्राइव्हमध्ये तोच फॉन्टचा संच मिळाला. एक मध्यंतरी छापखान्यात जाऊन आला होता आणि एक त्यांच्या पुतण्याकडे. त्याच दुपारी त्यांनी दोन्हीकडे फोन केला, काय झाले ते न लपवता सांगितले आणि तो सेटअप चालवला असेल तर एक्सक्लूजन्सची यादी कुठे पाहायची, हेही समजावून दिले.